चाफ्याचं पारणं

आमच्याकडे देवाच्या अभिषेकाला दूध नसायचं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. माझे वडील, म्हणजे अण्णा, पहाटे गंगेवरून आले की देवांना आंघोळ घालायचे ती नुसत्या पाण्याने. पंचामृताचे मंत्र मात्र सगळे म्हणायचे. दुधाचा मंत्र म्हणून पळीभर पाणी, दह्याचा म्हणून पळीभर पाणी, तूप, मध, साखर, सगळ्याच्या जागी पाणीच. मी लहानपणी एकदा विचारलं, "अण्णा, देवाला कळत नसेल का?"

"कळतं ना. त्याला आपली परिस्थिती माहीत आहे."

परिस्थिती अशी होती. अण्णा महाराष्ट्रातून काशीला येणाऱ्या यात्रेकरूंचा स्वयंपाक करायचे. यात्रेकरू आले की चूल पेटायची. गंगा चढली, नावा बंद झाल्या, गाड्या रिकाम्या यायला लागल्या की अण्णा घरी बसायचे आणि आम्ही सकाळी भात, संध्याकाळी सकाळचा भात खायचो. आई साड्यांना फॉल लावायची. मंगला गौरीच्या देवळामागच्या गल्लीत एका मोठ्या घराच्या तळमजल्यावर आमच्या दोन खोल्या होत्या, भाड्याच्या. खोल्यांना खिडकी नव्हती. दार उघडलं की आंगण, आणि आंगणाच्या मधोमध पांढरा चाफा.

तो चाफा कुणी लावला ते आम्हाला माहीत नाही. मालकाचा तर होताच, पण त्याला त्याच्याशी देणंघेणं नव्हतं. खरा उपयोग आमच्या घराला. अभिषेकाचं तीर्थ मोरीत ओतायचं नाही, कुणाच्या पायाखाली येऊ द्यायचं नाही, हा नियम. म्हणून अण्णा रोज ते चाफ्याच्या बुंध्याशी नेऊन ओतायचे. फुलं काढणं हे आईचं काम. जमिनीवर पडलेलं फूल देवाला चालत नाही, त्यामुळे आई लांब काठीने फांदी हलवायची आणि मी खाली तिच्या पदराची झोळी ताणून उभी. फूल झोळीत पडलं तर देवाचं, बाहेर पडलं तर माझ्या वेणीत. मी कधीकधी मुद्दाम झोळी जरा तिरकी धरायची. आईच्या ते लक्षात यायचं. ती फक्त काठीचं टोक माझ्या डोक्यावर टेकवायची.

लग्न होऊन बनारसला आल्यापासून आई दर मंगळवारी मंगला गौरीला याच चाफ्याची फुलं नेत असे. विकतचं फूल तिने देवीला कधी वाहिलं नाही, चाफा उघडा असायचा तेव्हा नुसतं कुंकू. विकत घ्यायला काही नव्हतंही, पण ती म्हणायची ते वेगळंच. "माझं फूल आहे," म्हणायची. त्या घरात भांडीसुद्धा अर्धी मालकाची होती. आईला 'माझं' म्हणता येईल असं ते एकच.

मी शिकले त्या झाडाखाली. खोलीत उजेड नव्हता, म्हणून चाफ्याखाली चटई. बी.एस्सी. झाले. आमच्या घराण्यात, आईकडून म्हणा की अण्णांकडून, कॉलेजची पायरी चढलेलं माझ्याआधी कोणी नाही. हे मी संकोच न करता लिहिते. निकाल लागला त्या दिवशी अण्णांनी भाजीवाल्यापासून नावाड्यापर्यंत सगळ्यांना अडवून सांगितलं. एकाने विचारलं, "बाबा, बीएस्सी में होला का?" बीएस्सीत काय असतं हे अण्णांनाही माहीत नव्हतं. म्हणाले, "सब कुछ होला."

पुढे मला गंगेपलीकडे रामनगरच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी लागली. काही वर्षांनी तिकडेच आम्ही दोन खोल्या आणि वर गच्ची असं घर बांधलं. घराला खिडक्या चार काढल्या. गवंडी म्हणाला, इतक्या कशाला? मी म्हटलं, मागचा हिशेब आहे.

अण्णांना मात्र पुलापलीकडे जायचं जिवावर आलं. काशीत मेला तो सुटला आणि पलीकडे रामनगरला मेला तो पुढच्या जन्मी गाढव, असं बनारसमधलं शेंबडं पोरही सांगतं.

"आयुष्यभर काशीत राहिलो आणि आता म्हातारपणी गाढव व्हायला तिकडे चला म्हणता?" अण्णा म्हणाले.

आई डबे बांधत होती. मान वर न करता म्हणाली, "व्हायला कशाला? आहात तसेच चला."

सामान हललं. नव्या घरी पहिल्याच दिवशी अण्णांनी मला हाक मारली आणि दुधाची पिशवी, दही, तूप, मधाची बाटली, साखर असं ओळीने मांडून ठेवलेलं दाखवलं. "आता रोज खरं पंचामृत," म्हणाले. "मास्तरीणबाईंच्या पगाराचं." त्यांचे डोळे भरले होते. ते पंचामृत पुढे काय करून ठेवणार आहे हे तेव्हा कुणाला ठाऊक!

फाल्गुनात जुन्या घराची बातमी आली. मालकाने घर विकलं होतं. नवा मालक ते पाडून गेस्ट हाउस बांधणार, आणि आंगणातलं झाड होळी झाली की तोडणार. आईने ऐकलं, भाकरी थापून झाली, तव्यावर टाकली आणि मग म्हणाली, "मला तो चाफा पाहिजे."

आईने तोपर्यंत आयुष्यात मला काही मागितलं नव्हतं.

रविवारी आम्ही तिघं करवत घेऊन गेलो. चाफा तेव्हा निष्पर्ण होता, आणि कलम घ्यायला तोच वेळ चांगला. हातभर लांबीच्या, मनगटाएवढ्या जाड फांद्या मी निवडल्या. करवत लागली तसा पांढरा चीक धारेने वाहायला लागला. आईने पदराने टिपायला सुरुवात केली. मी ओरडले, "आई, हाताला लागेल, खाज सुटेल."

"सुटू दे. रडतोय तो."

परतताना ई-रिक्षात अण्णा मांडीवर फांद्यांचा भारा घेऊन बसले. बिनपानांच्या, दोन दोन बोटं फुटलेल्या त्या करड्या फांद्या खरंच शिंगांसारख्या दिसत होत्या. पुलावर रिक्षा अडकली तेव्हा शेजारच्या टेम्पोतून एक जण वाकून म्हणाला, "का बाबा, ई हिरन क सींग कहाँ लेके जात हउवा?"

"हिरन नाहीं भइया, चंपा हौ," अण्णा म्हणाले, आणि मग आईकडे वळून मराठीत, "बघ, गाढव व्हायच्या आधी हरीण झालो."

चाफ्याची फांदी कापली की लगेच मातीत खुपसायची नसते. कापलेल्या तोंडावरचा चीक सुकून त्याची खपली धरली पाहिजे. त्यासाठी आठवडाभर सावलीत आडवी ठेवायची. मी फांद्या गच्चीवरच्या पत्र्याखाली मांडून ठेवल्या. आईला ते बघवेना.

"झाड तोडून आणायचं आणि वाळवायचं? होळीची लाकडं आहेत का ही?"

आणि हे ती बोलली मात्र, तिच्या मनात दुसरीच धास्ती शिरली. होळी चार दिवसांवर आली होती. आमच्या मोहल्ल्यातली पोरं होळीसाठी लाकूड गोळा करताना कुणाची खाट सोडत नाहीत, कुणाचं फाटक सोडत नाहीत. आईने दुपारी मी शाळेत असताना फांद्या खाली आणून पलंगाखाली लपवल्या. मला हसू आलं, पण तिचं चुकलं नव्हतं. शेजाऱ्यांचं एक जुनं स्टूल त्या वर्षी होळीत गेलंच.

होळीनंतर मी सात गमले आणले. आमच्या घरी कुंडीला गमलाच म्हणतात. माती आईने आणवली होती, गंगेच्या पुराने घाटावर टाकलेली, लोण्यासारखी मऊ. तिला वाटलं याच्याहून चांगली माती जगात नाही. मी जरा घुटमळले, ही माती पाणी धरून ठेवते हे मला दिसत होतं, पण पाणी घातलंच नाही तर धरणार काय, असा विचार केला. सात गमल्यांत सात फांद्या लावल्या आणि घरात जाहीर केलं, "याला पानं फुटेपर्यंत पाणी घालायचं नाही. कुणीही. एक थेंबही नाही."

"नाही घालणार," आई म्हणाली.

"मी कशाला घालतोय?" अण्णा म्हणाले.

चैत्राच्या मध्यावर पहिली फांदी मऊ लागली. बोटाने दाबली तर बोट आत गेलं. पिकून सडलेल्या केळ्यासारखी. पुढच्या आठवड्यात दुसरी आणि तिसरी. मी पुन्हा पुन्हा माती बघायची. ओली. आईला विचारलं, तिने देवीची शपथ घेतली. मग वाटलं, मातीच तशी. उरलेल्या उकरून दुसऱ्या मातीत लावल्या. त्याही एकेक करून सडू लागल्या.

"बीएस्सीत काडी लावायचं शिकवत नाहीत का गं?" अण्णा म्हणाले. चिडवायचं म्हणून नव्हे, खरंच कळवळून विचारलं होतं, त्यामुळे जास्तच लागलं.

शेवटची फांदी उरली तेव्हा आई एकटीच पुलापलीकडे जाऊन आली. कुणाला सांगितलं नाही. परत आली ती पाय धुऊन स्वयंपाकाला लागली. मी विचारलं, "झाड आहे?"

"नाही. विटा रचल्यात तिथे."

त्या मंगळवारी देवळाच्या वाटेवर आईने पहिल्यांदा विकतची माळ घेतली. मी बरोबर होते. देवीपुढे ती नेहमी बराच वेळ उभी असते, त्या दिवशी माळ देऊन लगेच मागे सरली. दुसऱ्याच्या हातचं आणून दिल्यासारखी.

दुसऱ्या दिवशी, शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली होती म्हणून, मी सकाळीच गच्चीवर गेले. शेवटचा गमला बघायला. गमल्याला मुंग्या लागल्या होत्या. काळ्या, बारीक, भिंतीवरून रांगेने चढत फांदीच्या बुडाशी जमत होत्या. चाफ्याच्या सडक्या फांदीला मुंग्या कशाला येतील? मी खाली वाकले. माती चिकट होती. बोटाला घेऊन हुंगली. आंबलेलं दही. त्यात मधाचा वास.

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. अण्णा, सोवळं नेसलेले, हातात तांब्याचं ताम्हन, ओठांत मंत्र. माझ्याकडे बघून हसले, पुढे झाले आणि ताम्हनातलं सगळं तीर्थ त्या गमल्यात शांतपणे ओतलं.

"अण्णा!"

"काय झालं?"

"मी सांगितलं होतं ना, पाणी घालायचं नाही म्हणून!"

अण्णा खरोखर बुचकळ्यात पडले. "पाणी कुठे घातलं? तीर्थ आहे हे. आणि हा चाफा जन्मभर आपलं तीर्थ पिऊन वाढलाय. तिथे साधं पाणी मिळायचं बिचाऱ्याला. म्हटलं, इथे तरी त्याला दूध, दही, मध मिळू दे. रोज एकेका गमल्याला पाळीने देतो मी."

मी खाली बसले आणि हसायलाच लागले. काय करणार? गरिबीच्या पाण्यावर ते झाड चार माणसांएवढं वाढलं होतं आणि माझ्या पगाराच्या पंचामृतावर त्याची सात पिल्लं सडली. आई हसण्याच्या आवाजाने वर आली. तिला कळलं तेव्हा ती हसली नाही. अण्णांकडे बघत म्हणाली, "इतकी वर्षं माणसांना रांधून घातलंत ना, तरी कुणाला काय पचतं ते कळलं नाही तुम्हाला." अण्णांनी रिकामं ताम्हन छातीशी धरलं. त्यांचा चेहरा बघून मग तिलाच राहवेना. "जाऊ द्या आता," म्हणाली. "नशिबात नव्हता."

शेवटची फांदी दोन दिवसांनी कोसळली.

वैशाखात पाण्याची टाकी धुवायला काढली. टाकी आणि कठड्याच्या मधल्या फटीत काहीतरी अडकलं होतं म्हणून मी काठीने ओढलं. चाफ्याची फांदी! सगळ्यांत जाड, दोन शिंगांची. मी आईला हाक मारली. तिने बघितलं आणि तोंडावर हात ठेवला.

"अगं, ही तर मी लपवली होती. पोरांच्या भीतीने. पलंगाखाली मावेना म्हणून इथे सारली. मला वाटलं, तू लावलीस."

"मला पलंगाखाली सातच मिळाल्या. मोजल्या कुणी होत्या!"

फांदी सुरकुतली होती. कोपराच्या कातडीसारखी. पण कापलेलं तोंड कोरडं, लाकडासारखं टणक झालं होतं. मी नखाने साल जराशी खरवडली. आत हिरवं होतं, आणि हिरव्यावर पांढऱ्या चिकाचा एक ठिपका उगवला. आईने तो बोटावर घेतला आणि यावेळी खाजेचं नावही मी काढलं नाही.

आता एकच होती. जुनं झाड नव्हतं. ही गेली की संपलं.

घाटाची माती मी बाजूला केली. दुसऱ्या दिवशी नदीकाठी गेलो आणि आमच्या काठची वाळू पोत्यात भरून आणली. समोर घाट, आणि आमच्या अंगाला नुसती वाळू. अण्णा वाळू भरता भरता म्हणाले, "काशीतली माती हरली आणि गाढवांच्या बाजूची वाळू कामी येणार म्हणायची." वाळूत थोडी माती आणि विटांचा चुरा मिसळला, गमल्याला खाली मोठं भोक पाडलं, फांदी लावली, काठीला बांधली, एकदाच हलकं पाणी शिंपडलं.

प्रश्न अण्णांचा होता. तीर्थ कुठे ओतायचं? मोरीत नाही म्हणजे नाही. त्यावर मी त्यांना केळीचा कोंब आणून दिला. घरामागच्या जागेत लावला. केळ कितीही पाणी पिते, दूध-दह्याचीही तक्रार करत नाही. अण्णांनी तिची पूजाबिजा करून तिला मान्यता दिली. पण चाफ्याकडे बघताना त्यांचा जीव तुटायचा. ऊन चाळिशीच्या पार, अंगाची लाही होते, आणि समोर एक जीव कोरडा उभा. मला वाटलं, हे आज ना उद्या चोरून लोटाभर घालणार. मुळं नसली तर पाणी शोषणार कोण, ते नुसतं साचणार आणि कुजवणार, हे मी वर्गात शिकवते तसं समजावलं. त्यांनी मान हलवली. मान हलवण्याची ती तऱ्हा माझ्या ओळखीची होती, त्यात काही शिरलेलं नसतं.

मग मी म्हटलं, "अण्णा, त्याने निर्जळी उपास धरलाय. पान फुटलं की त्याचं पारणं."

अण्णांचा चेहरा बदलला. ज्येष्ठातली निर्जळा एकादशी ते तरुणपणापासून करतात. बनारसच्या उन्हाळ्यात थेंबभर पाणी न पिता. "असं आधी सांगायचं ना," म्हणाले. "व्रतात असलेल्याला आग्रह करणं पाप."

त्या दिवसापासून ते चाफ्याचे पहारेकरीच झाले. गच्चीवर कपडे वाळत घालताना आईच्या हातून चार थेंब उडाले तर ओरडायचे. एका संध्याकाळी वळीव आला तेव्हा हातातली पोळी टाकून पळाले आणि गमल्यावर छत्री धरून स्वतः भिजत उभे राहिले. शेजारीण तिच्या गच्चीवरून म्हणाली, "बाबा, पेड़ को छाता?"

"व्रत है इसका," अण्णा म्हणाले. तिने हात जोडून नमस्कार केला.

एकादशी आली आणि गेली. अण्णांनी द्वादशीला पारणं केलं, चाफ्याने नाही. "हा माझ्याहून कडक निघाला," ते म्हणाले. आई रोज सकाळी वर जायची, खाली यायची. मी विचारत नसे. तिच्या पावलांवरूनच कळायचं.

मग एका सकाळी पावलं धावत आली. आई या वयात जिन्यावरून धावत.

शिंगाच्या टोकाला हिरवी चोच फुटली होती. मी थांबा म्हटलं, पान पुरतं उघडू द्या. उघडलं. दुसऱ्या शिंगालाही फुटलं. फांदी हलकेच हलवून बघितली, तर ती हलेना. मातीने धरली होती.

पारणं अण्णांनी साग्रसंगीत केलं. सोवळं नेसून तांब्यात पाणी घेतलं. आईने चाफ्याला हळदकुंकू लावलं. अण्णांनी मला विचारलं, "किती घालू?" आयुष्यात पहिल्यांदा विचारलं. मी सांगितलं, अर्धा तांब्या. त्यांनी बरोब्बर अर्धाच घातला आणि उरलेला अर्धा स्वतः प्यायले. "साधं पाणी आहे हो," चाफ्याला म्हणाले, "दूध काही नाही त्यात." आई त्या दिवशी पुरणपोळ्या करायला निघाली होती. मी म्हटलं, कशासाठी? म्हणाली, पारण्याला कोणी भात-वरण वाढतं का?

त्या वर्षी फुलं आली नाहीत. येत नाहीत लगेच. हिवाळ्यात पानं गळून पुन्हा शिंगं उरली तेव्हा आई घाबरली, मी घाबरले नाही. यंदा फांद्या चार झाल्या आणि उन्हाळ्यात टोकाला कळ्यांचा घोस आला.

श्रावणातल्या मंगळवारी आईने हात पुढे केला आणि फूल खुडलं. काठी लागली नाही, झोळी लागली नाही, झाड तिच्या खांद्याएवढंच आहे. एक फूल तिने माझ्या वेणीत खोवलं. बाकीची ताटलीत घेऊन आम्ही पूल ओलांडून मंगला गौरीला गेलो. आई देवीपुढे पहिल्यासारखीच बराच वेळ उभी राहिली. मागे रांग खोळंबली. पुजाऱ्याने विचारलं, "माताजी, फूल कहाँ से?"

"अपने घर का है," आई म्हणाली.

आमचं घर आहे, त्यावर गच्ची आहे, आणि गच्चीवर आईचा चाफा फुलतो.